सिम्युलेशन गेममध्ये चित्र वारंवार बिघडते : जबाबदार कोण, हे कसे ठरवावे

सांगली, मिरज, तासगाव, पलूस या भागांतून माझ्याकडे दुरुस्तीसाठी जे संगणक येतात, त्यांतील बऱ्याच संगणकांबरोबर एकाच प्रकारची तक्रार येते. शेतीच्या गेममध्ये उसाचा फड लुकलुकतो, ट्रकच्या गेममध्ये डांबरी रस्ता आणि त्याखालची माती आलटून पालटून दिसतात, विमानाच्या गेममध्ये डोंगराचा कडा ओघळल्यासारखा दिसतो, एखादी ट्रॉली अख्खी गुलाबी होते, किंवा तासाभराच्या खेळानंतर पडदा काळा पडून गेम बंद होतो. ही तक्रार बहुधा नवी नसते. कोणीतरी ती एकदा मिटवलेली असते आणि थोड्याच दिवसांत ती परत आलेली असते, कारण जबाबदारी चुकीच्या माणसावर किंवा चुकीच्या भागावर टाकली गेलेली असते. खेळणारा दुकानदाराला बोल लावतो, दुकानदार गेमकडे बोट दाखवतो, गेम बनवणारे ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, अद्ययावत करायला सांगतात आणि चित्र तयार करणाऱ्या या कार्डाच्या सर्व्हिस सेंटरवाले आधी एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) तपासून या म्हणतात. या फेऱ्यांत ग्राहकाचे पैसेही जातात आणि वॉरंटीची मुदतही सरते.

हा बिघाड कोणाचा, हे ठरवण्यासाठी तो कोठे, केव्हा आणि किती वेळाने परत येतो याचा माग काढावा लागतो. गेममधील त्याच जागी, त्याच वस्तूवर, दर वेळी दिसणारा बिघाड आणि कोणत्याही जागी, पण यंत्र तापल्यावरच दिसणारा बिघाड यांचे धनी वेगवेगळे असतात. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : बिघाड कोणत्या नकाशात व कोणत्या वस्तूवर दिसला, खेळ सुरू केल्यापासून किती वेळाने दिसला, त्याआधी यंत्रात किंवा गेममध्ये शेवटचा बदल कोणता झाला होता, आणि दुसऱ्या एखाद्या गेममध्ये तसे काही दिसते का. ड्रायव्हर, मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेली, इतरांनी बनवलेली भर) आणि रॅम एकाच दुपारी बदलून टाकणाऱ्याचा बिघाड गेला, तरी तो कशामुळे गेला हे त्याला कळत नाही, आणि परत आला की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

पहिली परीक्षा : स्क्रीनशॉट

बिघाड दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यावा आणि त्याच वेळी मोबाइलनेही पडद्याचा फोटो काढावा. स्क्रीनशॉटमध्ये कार्डाने तयार केलेले चित्र येते. त्यापुढे केबलमधून, पोर्टमधून आणि मॉनिटरमधून जाताना त्यावर जे काही होते ते त्यात येत नाही. म्हणून मोबाइलच्या फोटोत रेघा आहेत आणि स्क्रीनशॉट स्वच्छ आहे असे झाले, तर गेम, मॉड आणि गेमचा कर्ता हे तिघेही सुटले. तेव्हा एचडीएमआयची केबल बदलावी, दुसरे पोर्ट वापरावे, दुसरा मॉनिटर किंवा घरातील टीव्ही जोडून पाहावा. लॅपटॉपचा पडदा बिघडलेला दिसत असेल आणि बाहेर जोडलेला मॉनिटर स्वच्छ असेल, तर दोष पॅनेलमध्ये किंवा बिजागरीजवळून जाणाऱ्या डिस्प्ले केबलमध्ये असतो. झाकण उघडताना रेघा हलत असतील, तर वेगळ्या पुराव्याची गरजच उरत नाही.

या परीक्षेला एक अपवाद आहे. चित्र मध्येच आडवे फाटल्यासारखे दिसते, वरचा अर्धा भाग एका क्षणाचा आणि खालचा त्यापुढच्या क्षणाचा दिसतो, तो प्रकार स्क्रीनशॉटमध्ये येत नाही आणि तो मॉनिटरचा दोषही नसतो. कार्ड आणि मॉनिटर यांचा वेग न जुळल्याने तसे होते आणि व्ही-सिंक ही दोन्हींचा वेग जुळवणारी सेटिंग चालू केल्यावर ते थांबते.

बिघाड स्क्रीनशॉटमध्ये आला, तर गेम, मॉड, ड्रायव्हर, कार्ड आणि वीज हे सगळेच संशयित राहतात. तेव्हा पुढील निवाडा जागा आणि वेळ यांवरून करायचा.

त्याच जागी परत येणारा बिघाड

दूरच्या रस्त्यावर दोन थर एकमेकांशी भांडल्यासारखे लुकलुकतात आणि जवळ गेल्यावर शांत होतात, हा सिम्युलेशन गेममधील सर्वांत जुना बिघाड आहे आणि त्यासाठी सर्वाधिक कार्डे विनाकारण बदलली जातात. प्रत्येक बिंदू डोळ्यापासून किती अंतरावर आहे याची नोंद कार्ड ठेवते आणि जवळची वस्तू कोणती हे त्या नोंदीवरून ठरवते. ही नोंद पारंपरिक पद्धतीने ठेवली, तर ती अशा फूटपट्टीसारखी असते, जिच्या जवळच्या टोकाला केसाएवढ्या अंतरावर खुणा आहेत आणि दूरच्या टोकाला दोन खुणांत हातभर अंतर आहे. गणित करून पाहता येते : कॉकपिट किंवा केबिन दाखवायची म्हणून डोळ्यापासून १० सेंटिमीटरपासूनच्या वस्तू चित्रात घेतल्या आणि २४ बिटांची नोंद वापरली, तर १ किलोमीटरवर एकमेकांपासून सुमारे ६० सेंटिमीटरच्या आत असलेले दोन पृष्ठभाग कार्डाला वेगळे ओळखता येत नाहीत. खोलीत चालणाऱ्या मारामारीच्या गेमला ही अडचण फारशी येत नाही. जवळचे स्टिअरिंग आणि दूरचा डोंगर एकाच चित्रात दाखवणे हा सिम्युलेशनचा धर्मच असल्याने त्याला ती पदोपदी येते. नवी इंजिने (गेम ज्यावर चालतो ती मूळ सॉफ्टवेअर) ३२ बिटांची नोंद उलट्या क्रमाने ठेवून यातून बऱ्याच अंशी सुटली आहेत, पण तो निर्णय इंजिन बनवणाऱ्याचा असतो. नवे कार्ड घेऊन तो बदलत नाही, कारण कितीही महाग कार्ड असले तरी ते हेच गणित करते.

याच्या जोडीला जागेचे गणित येते. गेममधील स्थाने बहुधा ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट संख्यांत ठेवलेली असतात आणि त्यांत सुमारे ७ अंकांपुरतीच अचूकता मिळते. पृथ्वीच्या केंद्रापासून पृष्ठभाग सरासरी ६,३७१ किलोमीटर दूर आहे. एवढे अंतर मीटरमध्ये अशा संख्येत लिहिले, तर लागोपाठच्या दोन संख्यांत अर्ध्या मीटरचा फरक पडतो. याचा अर्थ विमानाच्या चाकाची जागा अर्ध्या मीटरच्या आत सांगताच येणार नाही. म्हणून विमानाचे गेम मोजणीचा आरंभबिंदू विमानाच्या आसपास ठेवतात आणि विमानाबरोबर तो हलवत राहतात. एखाद्या ॲड-ऑनच्या (गेममध्ये वेगळे घातलेल्या विमानाच्या किंवा उपकरणाच्या) कर्त्याने हा सरकता आरंभबिंदू लक्षात घेतला नाही, तर लांबच्या उड्डाणात त्याचे उपकरण थरथरू लागते. मूळ विमानात थरथर नाही आणि ॲड-ऑनच्या विमानात आहे, एवढी तुलना जबाबदारी ठरवायला पुरते.

उसाच्या फडाची तक्रार मात्र बहुतेक वेळा या दोन्हींत बसत नाही. ‘फार्मिंग सिम्युलेटर’मध्ये ऊस आला तो २०१७ च्या अखेरीस, ‘फार्मिंग सिम्युलेटर १७’च्या प्लॅटिनम विस्तारातून, आणि आपल्या भागातील मुलांना तो गेम आपला वाटू लागला तो तेव्हापासून. उसाची पाने बारीक आणि असंख्य असतात. दूरचे एक पान पडद्यावरील एका ठिपक्यापेक्षाही लहान होते, त्यामुळे ते एका चित्रात सापडते आणि पुढच्या चित्रात निसटते. हा दोष कोणाचाच नव्हे, ती सेटिंगची बाब आहे. ॲन्टी-अलायझिंग (कडा मऊ करणारी सेटिंग) वाढवले आणि चित्राची रेखीवता कृत्रिमरीत्या वाढवणारी सेटिंग कमी केली की लुकलुक निम्म्याहून अधिक शमते. ती पूर्ण जात नाही, हे ग्राहकाला आधीच सांगितलेले बरे.

आता मॉडकडे वळतो, कारण माझ्या अनुभवात त्याच जागी परत येणाऱ्या बिघाडांचा मोठा वाटा तेथून येतो. पलूसकडील एका तरुणाच्या गेममध्ये कारखान्याच्या गेटाजवळ आल्यावर ट्रॉली काळी पडत असे. दुकानदाराने सद्भावनेने कार्ड बदलून दिले, बिघाड तसाच राहिला. नंतर मॉडचे फोल्डर बाजूला काढून ठेवले आणि बिघाड नाहीसा झाला. जो भाग बदलल्यावर बिघाड बदलत नाही तो भाग निर्दोष, हे इतके सरळ आहे, पण कार्ड सर्वांत महाग असल्याने संशय पहिल्यांदा तिकडेच जातो. मॉड पुष्कळ असतील, तर एकेक काढत बसू नये. निम्मे बाहेर काढावेत आणि बिघाड राहिला की गेला ते पाहावे, मग ज्या निम्म्यात दोष आहे त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. अशा रीतीने चौसष्ट मॉडांतील दोषी मॉड सहा खेपांत सापडतो. दोन मॉड एकत्र असतानाच बिघाड होत असेल तर ही रीत थोडी लांबते, तरी चुकत नाही.

गेमची लॉग फाइल उघडून वाचणे हे त्याहूनही सोपे काम आहे आणि ते जवळजवळ कोणीच करत नाही. ‘फार्मिंग सिम्युलेटर’ची लॉग फाइल डॉक्युमेंट्समधील माय गेम्स या फोल्डरात, ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ची डॉक्युमेंट्समधील त्याच्या स्वतःच्या फोल्डरात आणि ‘एक्स-प्लेन’ची गेमच्या मुख्य फोल्डरातच असते. साध्या मजकुराची ही फाइल कोणते चित्र सापडले नाही, कोणत्या मॉडने चुकीच्या स्वरूपात चित्र दिले, कोणती फाइल जुन्या आवृत्तीची आहे, हे मॉडच्या नावासह सांगते. ज्या गेमांचे इंजिन युनिटी आहे, उदाहरणार्थ ‘सिटीज : स्कायलाइन्स’, त्यांत इमारत अख्खी भडक गुलाबी दिसली, तर तिचा शेडर (पृष्ठभागाचा रंग आणि प्रकाश ठरवणारा छोटा प्रोग्राम) सापडला नाही किंवा चालला नाही असा त्याचा अर्थ होतो. इंजिनाने दोष लपू नये म्हणून तो रंग मुद्दाम ठेवलेला आहे. तेव्हा गुलाबी रंग पाहून कार्डाची मेमरी खराब झाली असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

मॉडच्या कर्त्याची जबाबदारी किती, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्याने स्वतःच्या फुरसतीत लालपरीचा किंवा आपल्याकडील उसाच्या ट्रॉलीचा मॉड बनवून फुकट दिला, तो दोषाचे कारण असू शकतो, पण भरपाईचा देणेकरी नसतो. त्याला लॉग फाइलमधील ओळी आणि स्क्रीनशॉट पाठवावा, गेमची आवृत्ती कळवावी, आणि दुरुस्ती होईपर्यंत मॉड बाजूला ठेवावा. पैसे घेऊन मॉड विकणाऱ्याचे मात्र तसे नाही. त्याने कोणत्या आवृत्तीपर्यंत मॉड चालेल हे आधी सांगितलेच पाहिजे. आणि दुसऱ्याचा मॉड उचलून जाहिरातींनी भरलेल्या संकेतस्थळावरून वाटणाऱ्यांचे ग्राहक आपण होऊच नये.

नकाशाच्या माहितीतील दोष

विमानाच्या गेममध्ये आणखी एक पक्ष असतो, ज्याचे नाव तक्रारीत कधीच नसते. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ ऑगस्ट २०२० मध्ये आला, तेव्हा मेलबर्नच्या उत्तरेकडील एका साध्या वस्तीत आकाशाला भिडणारा एक अरुंद मनोरा उभा दिसला. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशात कोणा संपादकाकडून इमारतीचे मजले २ ऐवजी २१२ असे नोंदले गेले होते, आणि गेमने ती नोंद तशीच उचलली होती. नकाशात चूक दुरुस्त झाली होती, पण गेमकडे आलेली माहिती त्याआधीची होती. त्याच आवृत्तीत लंडनचा बकिंगहॅम राजवाडा एखाद्या कार्यालयाच्या इमारतीसारखा दिसत होता, कारण त्या जागेसाठी हाताने बनवलेले प्रारूप नव्हते आणि इमारत संगणकाने अंदाजाने उभी केली होती. जगातील प्रत्येक खेळाडूला, प्रत्येक कार्डावर, हे दोष सारखेच दिसले. दोष सर्वांना सारखा दिसतो की आपल्यालाच दिसतो, हा प्रश्न म्हणूनच फार उपयोगाचा आहे. दुसऱ्या कंपनीचे कार्ड असलेल्या मित्राच्या यंत्रावर त्याच जागी जाऊन पाहिले, की अर्धे काम होते.

आपल्या मुलखापुरते सांगायचे तर साताऱ्याच्या वरून उडताना अजिंक्यताऱ्याचे किंवा सज्जनगडाचे कडे ओघळलेल्या रंगासारखे दिसतात, त्याला कार्ड जबाबदार नाही. उपग्रहाचे छायाचित्र वरून घेतलेले असते. वरून पाहताना उभ्या कड्याला जेमतेम एखाद्या पट्टीएवढी जागा मिळते, आणि तीच पट्टी गेममध्ये शेकडो फूट उंचीवर ताणली जाते. उंचीच्या माहितीचेही तसेच आहे. जगभरातील उंचीच्या खुल्या माहितीचा मोठा स्रोत म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने केलेली मोजणी. तिच्यातील दोन बिंदूंतील अंतर सुमारे ३० मीटर आहे, त्यामुळे सह्याद्रीचा सरळ तुटलेला कडा दोन बिंदूंमध्ये उतार होऊन जातो, आणि खोल दऱ्यांत रडारची सावली पडलेल्या जागा नंतर अंदाजाने भरलेल्या आहेत. कोयनेच्या जलाशयाचे पाणी काठाच्या चढावर चढलेले दिसले, तर पाण्याची सीमा एका स्रोतातून आणि उंची दुसऱ्या स्रोतातून आली आहे असे समजावे. येथे खेळणाऱ्याने सेटिंगशी झटापट करू नये. ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या गावाची नोंद चुकीची असेल, तर ती स्वतः दुरुस्त करता येते, आणि पुढील एखाद्या आवृत्तीत तिचा लाभ सर्वांना होऊ शकतो.

ड्रायव्हर की गेम

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे होते. ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स ११ या, गेमने कार्डाला आज्ञा देण्याच्या पद्धतींत मेमरी कोठे ठेवायची, कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे बरेचसे ड्रायव्हरच सांभाळत असे. त्यामुळे गेमच्या कर्त्याची हयगय ड्रायव्हर झाकून घेई आणि ड्रायव्हरची चूक गेमच्या माथी बसे. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या व्हल्कनने ही वाटणी बदलली. मेमरीचा सांभाळ आणि कामांचा क्रम यांचा भार गेमच्या इंजिनावर आला आणि ड्रायव्हर पातळ झाला. म्हणून आज एखादा गेम डायरेक्टएक्स १२ वर लुकलुकतो आणि त्याच यंत्रावर, त्याच ड्रायव्हरवर, डायरेक्टएक्स ११ निवडल्यावर स्वच्छ चालतो असे दिसले, तर माझा पहिला संशय गेमवर असतो. अनेक गेममध्ये ही निवड सेटिंगमध्येच मिळते आणि ही तपासणी पाच मिनिटांत होते.

जबाबदारी किती जणांत विभागली जाते याचे उत्तम उदाहरण ‘एक्स-प्लेन’चे आहे. २०२० मध्ये ११.५० या आवृत्तीत त्याने ओपनजीएलच्या जोडीला व्हल्कन आणले, पण विमानांचे आणि उपकरणांचे शेकडो जुने प्लग-इन (गेमला जोडलेले छोटे प्रोग्राम) ओपनजीएलमध्येच चित्र काढत होते. दोन्ही पद्धतींना एकाच पडद्यावर नांदवण्याचे काम ड्रायव्हरकडे गेले, आणि एएमडी या कंपनीच्या कार्डांवर कॉकपिटमधील प्लग-इनची चित्रे लुकलुकू लागली. प्लग-इनच्या कर्त्याने नियम मोडला नव्हता, गेमने दिलेली वाट योग्य होती, आणि दोन पद्धतींची ही सांगड क्वचितच कोणी वापरत असल्याने ड्रायव्हरमध्ये ती पुरेशी पक्की झालेली नव्हती. शेवटी २०२३ मध्ये गेमच्या कर्त्यांनी झिंक नावाचा थर घेतला, जो प्लग-इनच्या ओपनजीएल आज्ञा व्हल्कनमध्ये बदलतो. दोष कोणाचाही असो, उपाय करण्याची क्षमता ज्याच्याकडे होती त्याने तो केला. मला ही वागणूक आदर्श वाटते.

ड्रायव्हर दोषी आहे का हे पाहायचे, तर पुढे जाण्याइतकेच मागे जाऊन पाहावे. अद्ययावत केल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल, तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या साधनाने, विंडोज सेफ मोडमध्ये असताना, ड्रायव्हर पूर्ण काढून आधीची आवृत्ती टाकावी. शेडरचा साठवलेला कॅशेही पुसावा, कारण जुना कॅशे आणि नवा ड्रायव्हर यांचे जमले नाही तरी चित्र बिघडते. लॅपटॉपवर गेम वेगळ्या कार्डाऐवजी प्रोसेसरमधील ग्राफिक्सवर चालत नाही ना, हे विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये पाहून घ्यावे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली, की लोक ड्रायव्हरला दोषी ठरवून मोकळे होतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच आहे की कार्डाने ठरलेल्या मुदतीत, म्हणजे मूळ मांडणीप्रमाणे २ सेकंदांत, उत्तर दिले नाही आणि विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला. उत्तर का दिले नाही, हे ती नोंद सांगत नाही. कार्ड तापलेले असेल, वीज कमी पडली असेल, गेमने अशक्य काम दिले असेल किंवा ड्रायव्हर खरोखर अडकला असेल.

वेळेने आणि उष्णतेने येणारा बिघाड

जागा बदलते, पण वेळ बदलत नाही, असा बिघाड यंत्राचा असतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या खोलीत कॅबिनेट भिंतीला चिकटून ठेवलेले असते आणि सिम्युलेशन गेम सलग तीन-चार तास चालतो. पहिला अर्धा तास सगळे ठीक, मग रंगीत ठिपके, मग काळा पडदा, आणि यंत्र गार झाल्यावर पुन्हा सगळे ठीक. कॅबिनेटचे झाकण काढून समोर टेबल फॅन लावावा आणि बिघाड उशिरा येतो का ते पाहावे. उशिरा आला, तर उष्णता हे कारण निश्चित झाले. मग ब्लोअरने धूळ काढणे आणि थर्मल पेस्ट बदलणे ही खेळणाऱ्याची किंवा त्याने ज्याला पैसे दिले त्याची जबाबदारी. पंखा फिरतच नसेल, तर ती कार्डाच्या वॉरंटीची बाब.

विजेचा भाग आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. घराचा पुरवठा नाममात्र २३० व्होल्टचा असला, तरी गावाकडे शेतीपंप एकदम सुरू झाल्यावर दाब किती उतरतो हे दिव्याकडे पाहूनही कळते. चांगला एसएमपीएस हा चढउतार पचवतो. कार्डाला जाणारी १२ व्होल्टची वाहिनी ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये राहिली पाहिजे. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला, वर मोठा वॅट आकडा छापलेला एसएमपीएस ही मर्यादा पाळतोच असे नाही, आणि कार्डावर एकाएकी भार आला की तेथेच काळा पडदा येतो. संध्याकाळी बिघाड होतो आणि पहाटे होत नाही, तासगावच्या घरी होतो आणि सांगलीत दुकानात होत नाही, अशी नोंद कागदावर असेल, तर आधी वीज, अर्थिंग आणि एसएमपीएस पाहावेत. अशा वेळी एसएमपीएस निवडून देणाऱ्या दुकानदाराची जबाबदारी मी खरी मानतो, कारण कार्ड कोणते, त्याला किती वीज लागते आणि यंत्र कोठे चालणार आहे, हे त्याला माहीत असते किंवा त्याने ते विचारायला हवे असते. ग्राहकाने स्वस्ताचाच आग्रह धरला असेल, तर तेही बिलावर लिहून ठेवावे.

जुन्या कार्डांबद्दल थोडेसे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचे मायनिंग (चलन मिळवण्यासाठी कार्डावर चालणारे अखंड गणित) बंद पाडले आणि दिवसरात्र तापलेली हजारो कार्डे जुन्या बाजारात आली. अशा कार्डाची मेमरी थकलेली असेल, तर कोणत्याही गेममध्ये ठिपक्यांची जाळी दिसते, कधी विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या पडद्यावरही दिसते. ड्रायव्हर आणि गेम तेव्हा चित्रात आलेलेच नसतात, म्हणून तेथे दिसणारा बिघाड नेहमी यंत्राचा.

संदेशात ज्याचे नाव येते तो दोषी असतोच असे नाही, हे २०२४ मध्ये साऱ्या जगाला कळले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर अनेक गेम सुरू होताना शेडर तयार करण्याच्या टप्प्यावर बंद पडत आणि पडद्यावर व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येई. लोकांनी कार्डे बदलली, ड्रायव्हर बदलले. प्रत्यक्षात प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे तो अस्थिर होत होता. इंटेलने ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतील आज्ञांची) दुरुस्ती दिली आणि संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच खराब झालेला प्रोसेसर त्या दुरुस्तीने बरा होत नाही; तो बदलूनच घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत, त्यांनी मदरबोर्डचा बायोस (ज्यातून ही दुरुस्ती येते ते मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत आहे का हे आजच पाहावे.

तक्रार कोठे आणि कशी

गेमचा दोष ठरला, तर स्टीम या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ २ तासांपेक्षा कमी झाला असेल, तर पैसे परत मिळतात; म्हणून नवा गेम घेतल्यावर पहिले दोन तास मॉडविना आणि याच तपासणीत घालवावेत. ‘सिटीज : स्कायलाइन्स २’च्या कर्त्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये, प्रकाशनाच्या आधीच, वेगाचे ठरवलेले उद्दिष्ट गाठता आलेले नाही असे सांगितले होते. ज्यांनी ते वाचले त्यांनी नवी कार्डे घेण्याची घाई केली नाही.

कार्ड, एसएमपीएस किंवा प्रोसेसर सदोष ठरला, तर बिल, अनुक्रमांक आणि वर सांगितलेला कागद घेऊन आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. टाळाटाळ झाली, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानेही भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे सांगलीकराला सांगलीत आणि सातारकराला साताऱ्यात, तक्रार करता येते. विक्रेता पुण्या-मुंबईचा किंवा ऑनलाइन असला तरी तेथे जावे लागत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही आणि कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. ओव्हरक्लॉक केलेले (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेले) किंवा बायोस बदललेले कार्ड घेऊन मात्र जाऊ नये. त्याची जबाबदारी बदल करणाऱ्याकडे गेलेली असते.

तक्रार विक्रेत्याकडे असो, गेमच्या कर्त्याकडे किंवा मॉडच्या कर्त्याकडे, तीत हे असावे : गेमची व ड्रायव्हरची आवृत्ती, कार्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस यांची पूर्ण नावे, स्क्रीनशॉट आणि मोबाइलचा फोटो दोन्ही, मूळ लॉग फाइल न छाटता, मॉडविना बिघाड येतो की नाही, आणि बिघाड पुन्हा घडवून आणायचा असेल तर कोणत्या नकाशात कोठे जाऊन काय करायचे, याचे पायरीपायरीचे वर्णन. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण दूर बसलेला प्रोग्रामर स्वतःच्या यंत्रावर जो बिघाड पाहू शकतो, तोच तो दुरुस्त करू शकतो.